जाडजूड अक्षराची बाजू

यंदाच्या गणेशोत्सवाचा फलक दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरममधल्या मराठी मंडळींनी ‘मोदक’ नावाच्या टाइपात छापून घेतला आणि त्यावरून सुरू झालेली नाराजी अजून शमलेली नाही. नाराज मंडळींचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं आहे. अक्षरं फुगलेली आहेत. देवनागरीच्या प्रमाण रूपाशी त्यांचं नातं नाही. जाडी हा रोमन लिपीचा शौक, आपल्या लिपीला तो पेलत नाही. देवाच्या कार्याला आणि मराठीच्या नावाला असला खेळकरपणा शोभत नाही. मुलांच्या नजरेसमोर हीच अक्षरं राहिली तर त्यांचं वळण बिघडेल. बोलणारी माणसं लिपीवर जीव असलेली आहेत, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणं मला आवश्यक वाटतं. त्यांचे बहुतेक आक्षेप चुकीच्या पायावर उभे आहेत आणि ते तसेच मान्य झाले तर नुकसान मराठीचं होणार आहे.

आधी हा टाइप काय आहे ते पाहू. ‘मोदक’ मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केला. त्यातली देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, रोमन अक्षरं नूपुर दात्ये यांची, आणि त्यांना गिरीश दळवी यांचं साहाय्य. खुल्या परवान्याखाली तो मोफत मिळतो, कोणीही वापरावा, छापावा, संकेतस्थळावर लावावा. रेषा इतक्या जाड की अक्षराच्या पोटातली पोकळी केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघेवर येऊन थांबते. अक्षरं एकमेकांना खेटून बसतात, टोकं गोल, वळणं भरलेली.

हे करणं किती अवघड आहे याची कल्पना आक्षेप घेणाऱ्यांना नसावी. रोमनमध्ये सव्वीस मोठी आणि सव्वीस छोटी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं सांभाळली की बरंचसं काम उरकतं. देवनागरीत स्वर, व्यंजनं, अर्धी व्यंजनं, मात्रा आणि जोडाक्षरं मिळून शेकडो आकार घडवावे लागतात. त्यात उंचीला मोकळीक नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी येऊ शकतात, खाली उकार आणि पाय मोडण्याचं चिन्ह. काळा भाग वाढवायचा तर तो अक्षराच्या आतल्या पांढऱ्यातूनच काढावा लागतो. आणि देवनागरीतली नेमकी ओळख त्या पांढऱ्यात असते. ‘व’ आणि ‘ब’ यांच्यात फरक पोटातल्या एका तिरप्या रेघेचा. ‘प’ आणि ‘ष’ यांच्यातही तोच. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा आणि एका गाठीचा. रेषा जाड होत जाते तसा हा फरक आधी मरतो. ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘क्ष्म’ यांसारखी जोडाक्षरं तर पातळ रेषेतसुद्धा दाटीवाटीने बसतात. इतक्या जाडीत ही सगळी अक्षरं वेगवेगळी ओळखू येतील असं करणं म्हणजे प्रत्येक अक्षराचा कोणता भाग त्याची ओळख आहे आणि कोणता नुसता सवयीचा, याचा निवाडा करणं. लिपीचा इतका बारकाईने विचार मजकुराच्या साध्या टाइपातही क्वचित करावा लागतो. या कामाला थिल्लर म्हणणं अन्यायाचं आहे.

प्रमाण रूपाचा मुद्दा आमच्या भागात जरा जास्तच जोराने मांडला जातो आणि त्याला कारण आहे. केंद्रीय हिंदी निदेशालय इथेच, आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉक ७ मध्ये आहे. १९६० साली स्थापन झालेल्या या कार्यालयाने १९६७ मध्ये हिंदीच्या प्रमाण लेखनाची पुस्तिका काढली, १९८३ मध्ये ‘देवनागरी लिपि तथा हिंदी वर्तनी का मानकीकरण’ प्रसिद्ध केलं, आणि पुढे २०१२ साली भारतीय मानक ब्यूरोने देवनागरी लिपी आणि हिंदी वर्तनीचं मानकच जाहीर केलं. इथल्या वसाहतीत ज्यांनी नोकरी केली त्यांच्यापैकी अनेकांच्या टेबलावर ही पुस्तिका वर्षानुवर्षं होती. तिच्याबद्दल त्यांना आदर वाटतो तो योग्यच आहे. पण ती काय सांगते हे एकदा शांतपणे पाहायला हवं.

‘ख’चा खालचा भाग जोडून लिहा, नाहीतर तो ‘रव’ वाचला जाईल. ‘ध’ आणि ‘भ’ यांना गाठ द्या, नाहीतर ‘घ’ आणि ‘म’ यांच्याशी गल्लत होईल. एकाच अक्षराची दोन वळणं प्रचारात असतील तर अमुक एक स्वीकारा. प्रमाणीकरणाचा सगळा भर अशा गोष्टींवर आहे. म्हणजे अक्षराच्या रचनेवर, एका अक्षराचं दुसरं वाचलं जाऊ नये यावर. रेषेची जाडी, टोकाची गोलाई, अक्षरांमधलं अंतर हा त्या पुस्तिकेचा विषयच नाही, आणि नसावाच. वेस्ट ब्लॉकमध्ये बसून ‘ध’ला गाठ हवी असं ज्यांनी ठरवलं त्यांची काळजी आणि मुंबईत ‘मोदक’चा ‘ध’ आखणाऱ्यांची काळजी एकच होती. एकाने ती तक्त्यात मांडली, दुसऱ्याने ती सगळ्यात कठीण परिस्थितीत निभावून दाखवली. प्रमाण तक्ता पुढे करून जाड अक्षर नाकारणारा माणूस तक्त्याचाच हेतू विसरलेला असतो.

शिवाय हा तक्ता हिंदीसाठी आहे. मराठीच्या वर्णमालेचा आणि अक्षररूपांचा निर्णय महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी स्वतंत्रपणे घेतला. ‘द’ आणि ‘ह’ यांची जोडाक्षरं हलन्त देऊन सुटी लिहावीत हा हिंदीतला नियम टंकलेखन यंत्राच्या काळाची सोय पाहणारा आहे. मराठी वाचकाची नजर ‘विद्या’, ‘उद्धव’, ‘ब्रह्म’ ही एकसंध जोडणीत पाहायला सरावलेली आहे. दिल्लीतल्या मराठी फलकाला दिल्लीतल्या हिंदी तक्त्याची फूटपट्टी लावण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

लिपीचं रूप खरोखर बदलायला निघालेली माणसं कोण होती, हेही आठवावं. लोकमान्य टिळकांनी छापखान्यातल्या खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं डोकं चालवलं. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुढे आणली, इ आणि ई ऐवजी अि आणि अी. १९५३ च्या लखनौ परिषदेत तर ऱ्हस्व इकाराची मात्रा डावीकडून उजवीकडे नेण्याचं ठरलं, म्हणजे ती दीर्घ वेलांटीसारखीच दिसणार, फक्त थोडी आखूड. वाचकांनी ते स्वीकारलं नाही आणि काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. हे सगळे प्रयत्न थोर माणसांचे आणि सद्हेतूने केलेले होते. पण ते अक्षराच्या हाडाला हात घालत होते, आणि तेही यंत्राच्या सोयीसाठी. यंत्र पुढे बदललं, इकार जागेवर राहिला. ‘मोदक’ने एकाही अक्षराचं हाड हलवलेलं नाही. इकार डावीकडे आहे, ‘इ’ला ‘इ’चंच रूप आहे, जोडाक्षर जोडलेलं आहे. मग देवनागरीचं रूप बिघडवल्याचा आरोप कोणत्या आधारावर?

आता ‘जाडी देवनागरीला पेलत नाही’ या म्हणण्याकडे वळते, कारण माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. हे म्हणणं अनुभवातून आलेलं आहे, पण तो अनुभव कशाचा?

गेल्या पंचवीस वर्षांत सरकारी कचेरीतल्या माणसाने देवनागरी पाहिली ती मुख्यतः ‘मंगल’ या फॉन्टमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर तो घरोघरी आणि टेबलोटेबली पोचला. त्या काळच्या पडद्यांवर ठिपके मोजकेच, त्यांत बारीक आकाराची देवनागरी वाचता यावी ही त्याची गरज होती आणि ती त्याने भागवली. पण विंडोज ७ येईपर्यंत ‘मंगल’ला स्वतःची ठळक आवृत्ती नव्हती. मजकूर ठळक करायचं बटण दाबलं की संगणक प्रत्येक रेषा यांत्रिकपणे फुगवायचा. कुठली पोकळी वाचवायची, कुठली रेषा आत बारीक करायची, याचा विचार त्यामागे कोणी केलेला नव्हता. ‘ष’ काळा ठिपका व्हायचा, ‘क्ष’ आणि ‘ह्म’ यांची गुठळी व्हायची. परिपत्रकांचे मथळे, नावांच्या पाट्या, निमंत्रणं, सगळं या खोट्या ठळकपणात छापलं गेलं. एका अख्ख्या पिढीने ती गुठळी पाहिली आणि दोष लिपीचा आहे असा निष्कर्ष काढला. दोष लिपीचा नव्हता. जाड देवनागरी कोणी आखलेलीच नव्हती, नुसती फुगवलेली होती. ‘मोदक’ आणि त्याच गटाचा ‘बालू’ हे टाइप त्या निष्कर्षाला दिलेलं उत्तर आहे. जाडी पेलत नाही असं म्हणणाऱ्यांनी फुगवलेलं अक्षर आणि आखलेलं अक्षर शेजारी शेजारी ठेवून ‘राष्ट्रधर्म’ हा एक शब्द वाचून पाहावा.

आणि ‘मंगल’ कोणी केला? रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. १९३६ ते २००८ या आयुष्यात या माणसाने जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शन केलं, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवलं, अक्षरांच्या मांडणीतून कविता घडवली, सुलेखनाला व्यासपीठावर आणलं. मराठीत अक्षराशी इतका मनसोक्त खेळलेला दुसरा माणूस शोधावा लागेल. ज्या शिस्तीचा दाखला देऊन खेळकर अक्षराला नावं ठेवली जातात ती शिस्त अशा माणसाच्या हातून आली आहे. त्याच्या लेखी या दोन गोष्टींत भांडण नव्हतं.

जाडी परकी आहे हेही खरं नाही. पश्चिम भारतातल्या जैन कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्यांची छायाचित्रं कोणीही पाहावीत. बोरूने भरदार काढलेली काळीभोर नागरी, अक्षराला अक्षर खेटलेलं, आतली पोकळी अरुंद. ती पवित्र ग्रंथांची पानं आहेत. भरदार अक्षर म्हणजे पावित्र्याचा भंग हे त्या लेखकांना सुचलंही नसतं. छापील अक्षराची परंपरासुद्धा एकसुरी नव्हती. मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे दोन संसार शंभर वर्षं शेजारी शेजारी नांदले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने मुंबईत घडवलेल्या देवनागरी टाइपांना देशभर मान होता. परंपरा एकच होती असं ज्यांना वाटतं त्यांनी बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ पाहावा. तो १९७१ साली महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयानेच काढला आहे, म्हणजे सरकारी शिक्का हवा असणाऱ्यांचीही सोय आहे.

रोमन लिपीच्या घरीही जाडीचं स्वागत झालं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या आणि खेळांच्या जाहिरातींसाठी अतिजाड अक्षरं निघाली, तेव्हा १८२५ मध्ये टी. सी. हॅन्सर्ड यांनी ‘टायपोग्राफिया’ या ग्रंथात त्यांची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. छपाईची कला रसातळाला चालली असा त्यांचा सूर होता. छपाईची कला टिकली आणि त्या अक्षरांना आज अभ्यासक सन्मानाने संग्रहात ठेवतात. १९२२ मध्ये शिकागोच्या ऑसवल्ड कूपर यांचा ‘कूपर ब्लॅक’ आला. गुबगुबीत, गोल टोकांचा. शंभर वर्षं झाली, अजून दुकानांच्या पाट्यांवर, गाण्यांच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर, चित्रपटांच्या नावांत तो जिवंत आहे, आणि त्याने इंग्रजीची प्रतिष्ठा कमी झालेली दिसत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतो तो ‘शोभत नाही’ हा शब्द. शोभतं काय हे ठरवलं कोणी? मराठी रंगभूमीच्या जाहिराती ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिल्या आहेत त्यांना कमल शेडगे हे नाव सांगायला नको. १९३५ ते २०२० असं दीर्घ आयुष्य लाभलेल्या या कलावंताने नाटकांची, चित्रपटांची, मासिकांची नावं अशी काही रेखाटली की नाटकाचा स्वभाव पहिल्या नजरेत कळावा. शोकांतिकेचं अक्षर वेगळं, फार्सचं वेगळं, ऐतिहासिक नाटकाचं वेगळं. त्यातली कित्येक अक्षरं जाड होती, कित्येक वाकडी, कित्येक नाचरी. ‘कमलाक्षरं’ हे त्यांच्या कामाचं पुस्तक मराठी घरांत अभिमानाने ठेवलं जातं. शेडगे यांच्या हातची नाचरी अक्षरं ही आपली संस्कृती, आणि तोच उत्साह टाइपात आला की आचरटपणा, हे मला समजत नाही. फरक इतकाच की शेडगे यांचं अक्षर त्यांच्या हाताबरोबर संपत होतं आणि टाइप सर्वांच्या हाती येतो. विदर्भातल्या तालुक्याच्या गावचं मंडळ, बेळगावातली शाळा, दिल्लीतले आम्ही, कोणीही पैसे न मोजता तो वापरू शकतो. याचा आनंद व्हायला हवा.

दिल्लीच्या रस्त्यांवरची अक्षरंही विसरू नयेत. चहाच्या टपऱ्या, ट्रकचे मागचे फळे, बँडवाल्यांच्या गाड्या रंगवणाऱ्या पेंटरांनी या शहराला छायेची, उठावाची, दोन रंगांची देवनागरी दिली. फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली तशी त्यांची कामं गेली. हनीफ कुरेशी यांनी याच दिल्लीत बसून ‘हँडपेंटेडटाइप’ हा उपक्रम सुरू केला, पेंटर कफील यांच्यासारख्या कारागिरांची अक्षरं गोळा केली आणि त्यांना फॉन्टचं रूप दिलं. २०२४ मध्ये कुरेशी गेले, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास. या कामाकडे पाहिलं की ‘शोभत नाही’ या शब्दामागे काय दडलेलं असतं ते कळतं. कचेरीतलं अक्षर सभ्य आणि रस्त्यावरचं अक्षर गावंढळ, अशी ती वाटणी आहे. लिपी दोघांची आहे.

मुलांच्या वळणाची भीती मी एका परिच्छेदात संपवते. मूल अक्षर गिरवायला कित्त्यावरून शिकतं, फलकावरून शिकत नाही. वर्तमानपत्राचा टाइप, पाठ्यपुस्तकाचा टाइप, बसवरची पाटी आणि आजीचं हस्ताक्षर ही चार वेगवेगळी ‘अ’ असतात आणि मूल चारही सहज ओळखतं. उलट चिंता दुसरी आहे. दिल्लीत वाढणारं मराठी मूल शाळेत हिंदीमुळे देवनागरी वाचायला शिकतं, पण त्याला मराठी छापलेली दिसते कुठे? मंडळाच्या सभेची सूचना, वर्गणीची पावती, श्रद्धांजली. आनंदाचं सगळं रोमन अक्षरांत येतं. वाढदिवसाचा केक, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक, सणाच्या शुभेच्छा. ‘गणपती बाप्पा मोरया’ हा गजरसुद्धा रोमनमध्ये लिहिलेला मी कितीदा पाहिला आहे, आणि लिहिणाऱ्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: मराठी फॉन्ट चांगले दिसत नाहीत. ज्या लिपीला फक्त गंभीर चेहरा ठेवायची परवानगी असते ती मुलाच्या मनात कचेरीची लिपी होऊन बसते. ‘मोदक’मध्ये छापलेल्या फलकाजवळ थांबून मुलं अक्षरं बोटाने गिरवत होती, हे आक्षेप घेणाऱ्यांनीही पाहिलं आहे. गणपतीच्या फलकाला आणखी काय शोभायला हवं?

‘बालू’बद्दल थोडं जास्त बोलते, कारण तो आमच्या वसाहतीत शोभण्यासारखा टाइप आहे. अस्वलाच्या गुबगुबीतपणाचा हा टाइप ‘एक टाइप’ने देवनागरीबरोबर गुरुमुखी, बंगाली, ओडिया, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या लिप्यांत केला, नंतर उर्दूही आली. देवनागरीखेरीज प्रत्येक लिपीच्या बालूला त्या त्या भाषेतलं घरगुती संबोधन दिलं: पाजी, दा, भाइना, भाई, तम्मा, तम्मुडू, तंबी, चेट्टन, भाईजान. आर. के. पुरममध्ये हे सगळे भाऊ शेजारी शेजारी राहतात. सेक्टर ५ मध्ये दिल्ली तमिळ संगम, सेक्टर ७ मध्ये मलाई मंदिर, सेक्टर १२ मध्ये दिल्ली कर्नाटक संघ. रस्त्यांच्या नावांच्या पाट्या चार लिप्यांत आहेत, देवनागरी, रोमन, गुरुमुखी आणि उर्दू. या पाट्यांवर चार लिप्या चार घरच्या वाटतात, एक जाड, एक किडकिडीत, एक कुठूनतरी उसनी आणलेली. ‘बालू’सारखा टाइप दाखवून देतो की प्रत्येक लिपीचा स्वभाव राखूनही त्यांना एका वजनात, एका सुरात आणता येतं. तमिळ अक्षराला शिरोरेषा चिकटवावी लागत नाही आणि देवनागरीची शिरोरेषा काढावी लागत नाही. भारतीय लिप्यांनी एकमेकींशी कसं वागावं याचं हे उत्तम उदाहरण आहे, आणि ते एका खेळकर टाइपाने घालून दिलं आहे. ‘बालू २’ मध्ये तर साध्यापासून अतिजाडपर्यंत वजनांची पायरी आहे, त्यामुळे मथळा आणि त्याखालच्या चार ओळी एकाच घराण्यात बसवता येतात.

एका बाबतीत मात्र आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे. हे टाइप फार वाईट वापरले जातात. दवाखान्याची सूचना, औषधाची पट्टी, श्रद्धांजली, सहा ओळींची नियमावली हे काही ‘मोदक’चं काम नाही. त्याच्या पोटातली पांढरी रेघ बारीक आहे. आकार लहान केला की ती भरते, दुरून पाहिलं तरी भरते. म्हणून तो मोठ्या आकारात, एक-दोन शब्दांसाठी आणि जवळून पाहायच्या जागी वापरायचा. रस्त्यापलीकडून वाचायचा मजकूर असेल तर ‘बालू’ बरा. छपाईच्या दुकानांत जे चालतं ते याहून वाईट. आधीच जाड असलेल्या टाइपावर पुन्हा ठळकपणाचं बटण दाबलं जातं. फलकाची रुंदी भरायला अक्षरं आडवी ताणली जातात. अक्षरांत अंतर वाढवलं जातं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात, जे देवनागरीत सर्वांत मोठं पाप आहे. वरून चहूबाजूंनी रंगीत कड चढवली जाते, ती आतल्या पोकळीतही शिरते आणि ‘ष’चा ‘प’ही राहत नाही. हे पाहून कोणी चिडलं तर मी त्याच्या बाजूची आहे.

पण त्याचा राग टाइपावर काढू नये. ‘कॉमिक सॅन्स’चं जगभर असंच झालं. व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ मध्ये तो संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रपात्रांच्या संवादासाठी केला. लोकांनी तो थडग्यांपासून नोटिशींपर्यंत सर्वत्र लावला, मग त्याच्यावर बंदी घाला अशी मोहीमच निघाली. २०१२ मध्ये सर्नमध्ये हिग्ज बोसॉनच्या शोधाचं सादरीकरण त्या टाइपात झालं तेव्हा काही लोकांना कणापेक्षा फॉन्टचीच चर्चा जास्त करावीशी वाटली. आपण तरी ती चूक करू नये. इंग्रजीला एक खेळकर टाइप नावडता झाला तरी हजारो उरतात. देवनागरीत काळजीपूर्वक आखलेले आणि मोफत मिळणारे असे टाइप अजून मोजकेच आहेत. त्यांतला एक आपण कुत्सितपणे मोडीत काढला तर पुढचा करायला कोण येईल?

तक्रार करायचीच असेल तर उपयोगाची करू. मराठीचा पाकळ्यांचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ हे हिंदीतल्या रूपांपेक्षा वेगळे आहेत. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवता येतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगितलं की योग्य रूप आपोआप येतं. पण अनेक फॉन्टमध्ये ही सोय नसते आणि जिथे असते तिथे मजकुराची भाषा हिंदी म्हणून नोंदलेली असते. प्रत्येक नव्या टाइपात, खेळकर असो की गंभीर, मराठीची रूपं असलीच पाहिजेत अशी मागणी टाइप करणाऱ्यांकडे करू या. वेस्ट ब्लॉक ७ मधल्या निदेशालयालाही माझी विनंती आहे की प्रमाण वर्णमालेचा तक्ता पुढच्या वेळी एकाच टाइपात छापू नये. तीच वर्णमाला पातळ, ठळक आणि अतिजाड अशा अनेक टाइपांत शेजारी शेजारी छापावी, म्हणजे रचना काय आणि साज काय हे शिक्षकांना आणि छापखान्यांना नजरेनेच कळेल.

आणि आर. के. पुरमच्या मराठी मंडळींना सांगायचं आहे ते इतकंच. पुढच्या वर्षीचा फलकही ‘मोदक’मध्येच करा. छपाईवाल्याला फाइल देताना मजकुराची भाषा मराठी ठेवा, ठळकपणाचं बटण दाबू देऊ नका, अक्षरं ताणू देऊ नका, कड चढवू देऊ नका. नाव मोठं ठेवा आणि बाकीचा तपशील साध्या टाइपात द्या. छापण्याआधी एक नमुना कागदावर काढून घ्या आणि ज्यांना यंदा राग आला होता त्यांनाच तो सर्वांत आधी वाचायला द्या.